दाजींची बगळी

आमच्या थोरल्या साडूंइतका पैसा घोड्यांवर जिंकलेला आणि त्याहून जास्त हरलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या साडूला माझी सहानुभूती कळवावी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ताडकळसला घर, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घराणं. मी परभणीत शाळामास्तर होतो. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून जेवढा थकलो नाही, तेवढं एकट्या दाजींनी मला थकवलं. तरीही महिनाभर ते आले नाहीत की मला करमत नाही, ही गोष्ट मी घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.

दाजी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. खुर्चीत बसलेल्या पाहुण्याची त्यांना ओळखच पटत नाही. तासभर समोरासमोर बसून चहा होतो, सोयाबीनच्या भावावर बोलणं होतं, आणि पाहुणा उठून दाराकडे निघाला की दाजी दचकून म्हणतात की अरे, हे तर वालूरचे मामा. माझ्या लग्नात तर त्यांनी भर मांडवात सासऱ्यांना सांगितलं होतं की नवरदेव उजवी टाच पुरती टेकवत नाही, अक्षता पडायच्या आधी एकदा चालवून बघा. सासरे भले गृहस्थ, त्यांनी मला चालवून बघितलं नाही. पुढे पंधरा वर्षांनी त्याच टाचेचं हाड वाढलेलं निघालं, तेव्हा दाजी दवाखान्यात आले, खाटेशी उभे राहिले, 'मी मनलं व्हतं' एवढंच बोलले आणि बायकोने कापून ठेवलेलं सफरचंद खाऊन गेले. अजूनही त्यांच्यासमोरून जाताना मी जरा जपूनच पावलं टाकतो.

रेसचा नाद लागला तोही मेंढरांपायीच. एका सणाच्या आधी दाजी ट्रकभर एडके घेऊन हैदराबादला गेले होते. सौदा झाल्यावर तिथल्या व्यापाऱ्याने खुशीत त्यांना घोड्यांच्या शर्यती दाखवायला नेलं. शर्यतीआधी घोड्यांना एका रिंगणात गोल फिरवतात. बाकीची मंडळी हातातल्या पुस्तकांत डोकं घालून घोड्यांचा पूर्वेतिहास वाचत होती. दाजी कठड्याला टेकून पाय बघत उभे होते. सात नंबरचा घोडा पहिला येईल, असं त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं. का, तर त्याचा मागचा पाय पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतोय. सात नंबरच आला. मग दर आठवड्याला पूर्णेहून गाडी धरून दाजी हैदराबादला जायला लागले. घोंगडीची घडी खांद्यावर, दिवसाला दोनच शर्यती, आणि आपला घोडा पळेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. पळायच्या आधी घोड्याला खाऊ घालत नाहीत हे त्यांना कळलं होतं, आणि जनावर उपाशी असताना आपण खाणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

सहा-सात वर्षं दाजी असे जिंकले की सांगायची सोय नाही. तो त्यांचा धंदाच झाला. घोंगडीवाला येताना दिसला की बुकी फळ्यावरचे भाव पुसून टाकायचे. मग दाजींना पैसे लावायला दुसरी माणसं धाडावी लागायची. एकदा मलाही त्यांनी नेलं. मी पोटाशी पिशवी घट्ट धरून, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून देवाचा धावा करत रांगेत उभा होतो, आणि माझ्या पुढचा माणूस वळला तो आमच्या शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि त्यानंतर परभणीत आजतागायत त्या विषयावर बोललो नाही. दाजींनी पांढरी गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला, परभणीत प्लॉट घेतला. ताडकळसच्या बाजारात गाडी उभी केली की शेळ्या टपावर चढायच्या, आणि ड्रायव्हरने हाकललं तर दाजी ड्रायव्हरलाच रागवायचे. अक्का मात्र त्या गाडीत एकदाही बसली नाही. मेंढरं मागच्या शिटावर बसवायची का, असं तिने विचारलं आणि काठी घेऊन ती रानात गेली. घरचा कळप तेव्हापासून तीच राखत आली.

दाजींच्या घरात एक रीत आहे. घरी ठेवायच्या मेंढीला नाव असतं. बाजारात न्यायच्या जनावराला नाव द्यायचं नाही, पाठीवर गेरूचा ठिपका तेवढा लावायचा. नाव दिलं की हात सुटत नाही. रेसच्या घोड्यांना लांबलचक इंग्रजी नावं असतात, पण दाजींच्या तोंडून मी नंबराशिवाय काही ऐकलं नव्हतं. आणि एके दिवशी त्यांचा फोन आला, "गुरुजी, आज बगळी पळायलीय." बगळी कोण, असं मी विचारलं. एक पांढरी घोडी होती. रिंगणात फिरता फिरता कठड्याशी थांबून तिने दाजींच्या घोंगडीत नाक खुपसलं होतं. मेंढरांचा वास आला असेल बिचारीला. त्या घरची रीत मलाही ठाऊक होती, दाजींनी नाव दिलं म्हणजे काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण त्या दिवशी बगळी जिंकली आणि दाजींनी आमच्याकडे आंब्यांची पेटी पाठवली. मी आंबे खाल्ले आणि गप्प बसलो. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे दोन महिन्यांनी दाजींनीच सांगितलं की बगळी पुढचा उजवा पाय चोरून टाकतेय, आता ती पहिली येत नाही. मग पैसे कुणावर लावले, असं मी विचारलं. तर तिच्यावरच. दुसऱ्या घोड्यावर लावले तर तिला काय वाटेल, असं ते म्हणाले, आणि हा माणूस थट्टा करत नव्हता. तीन वर्षं बगळी हरत राहिली आणि दाजी तिच्यावर लावत राहिले. फळ्यावरचे भाव पुसणारे बुकी आता त्यांना बसायला खुर्ची द्यायला लागले. गाडी गेली, प्लॉट गेला, ड्रायव्हर जाताना रडला. दाजी घरी असले तरी बाजेवर पडून फोनमध्ये घोडी बघत असत. राहिली होती ती अक्काची मेंढरं, आणि घर त्यांच्यावरच चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दाजी सकाळीच माझ्याकडे आले. रविवारी बगळीची शेवटची शर्यत होती, नंतर मालक तिला काढून टाकणार होता. तिच्यावर लावायला दाजींना अक्काचा सगळा कळप विकायचा होता. व्यापारी दुपारी येणार होता, आणि अक्का माझं ऐकते म्हणून मी तिची समजूत घालायची होती. मी गेलो. गेलो तो अक्काला 'विकू नको' म्हणायला, पण तसं मी रस्ताभर बोललो नाही. ताडकळसला पोचलो तेव्हा व्यापारी ओट्यावर येऊन बसलेला होता, आणि अक्का नुकतीच मेंढरं वाड्यात कोंडून दाराशी टेकली होती. दाजींनी बाजेवर बसून, फोनमधून नजर न काढता सगळं सांगितलं. मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "इका. माज्यानं बी आता व्हत न्हाई." आणि कळप दाखवायला ती उठून वाड्याकडे निघाली.

दाजींनी मान वर केली. फोन बाजेवर ठेवला आणि तिला थांबवलं.

"जरा पुन्यांदा चाल. हिकडून तिकडं."

अक्काला काही कळेना. तरी ती अंगण ओलांडून गेली आणि परत आली. दाजी खाली उकिडवे बसून बघत होते.

"डाव्या खुब्यात हाय," ते म्हणाले. "कवापासून?"

"तीन वर्सं झाली," अक्का म्हणाली. "तुमी त्या घोडीचा पाय सांगत व्हता ना, तवापासून."

मग दाजींनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरांमागे काठी घेऊन ते निघाले, आणि रविवारीही ते रानातच होते. बगळीचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. अक्काला आम्ही परभणीत डॉक्टरांना दाखवलं. खुबा बदलावा लागेल असं ते म्हणाले. ज्या पैशात तिचे दोन्ही खुबे बदलून झाले असते तो पैसा त्या घोडीच्या मागे धावून गेला होता. आता लोकरीतून आणि कोकरांतून जमेल तसं जमवणं चाललं आहे. आणि ते जमेपर्यंत तिचं वय थांबणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा ताडकळसला गेलो होतो. अक्काने दाजींची तक्रार केली. रोज सकाळी कळप सोडायच्या आधी ते तिला अंगणात चालायला लावतात, बोलत काहीच नाहीत, बघतात आणि जातात. "मंग मी बी दात दाबून जरा नीट चालून दावते," ती म्हणाली. "त्येन्ला दिवसभर रानात घोर नगं." परतताना दाजी वाटेत मेंढरं चारताना दिसले. अक्काचं कसं काय आहे, असं मी विचारलं. ते कळपाकडे बघत राहिले.

"चांगलं चालायलीय," ते म्हणाले.

चालण्याच्या बाबतीत दाजी माझ्याशी आजवर एकदाच खोटं बोलले, ते परवा.