सुरवंट गेले कुठे?

परवा नर्सरीत पान तुटून बोटाला पांढरा चीक लागला आणि लॉकडाऊनमधलं आमचं परदेशातलं, क्रेगीबर्नचं किचन आठवलं. लेकीने कुंडीतल्या तशाच चिकाच्या झाडावर मोनार्क फुलपाखराचे सुरवंट पाळले होते. एका सकाळी ते सगळे गायब झाले. विमानं बंद म्हणून आमच्याकडे अडकलेल्या सासूबाईंना किड्यांची किळस, त्यामुळे माझा संशय त्यांच्यावर. केर मी काढायचे, म्हणून त्यांचा माझ्यावर. काही दिवस आम्ही किचनच्या टेबलाशी समोरासमोर बसून, एकमेकींकडे न बघता चहा प्यायलो.

मग टेबलाखाली शिरलेली लेक म्हणाली, “मम, दे आर हिअर.”

खाली सोनेरी ठिपक्यांचे हिरवे कोश लटकत होते. कोश करायला सुरवंट झाड सोडून जातात, हे तेव्हा कळलं.

सासूबाईंनी कप अलगद उचलून मांडीवर घेतला. “टेबल हलवू नकोस गं,” त्या मला म्हणाल्या.