चंद्रिकाबाईंची पळपुटी पोरं

चंद्रिका दातार तळेगावच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. निवृत्त शिक्षिकेनं पुढं काय करायचं याची तळेगावात ठरलेली यादी आहे: भजनी मंडळ, सकाळचं फिरणं आणि परदेशातल्या नातवंडांना फोनवर बडबडगीतं. बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि कादंबरी लिहायला घेतली. मुलांसाठी. तीही दोनशे वर्षांपूर्वीच्या रशियातल्या ज्यू मुलांवर.

"अगं, आपल्याकडची मुलं संपली का?" त्यांची मैत्रीण शुभदा म्हणाली.

"संपली नाहीत. पण ही डोक्यातून जात नाहीत, त्याला मी काय करू?"

गोष्टच तशी होती. झारनं फर्मान काढलं, की ज्यूंच्या प्रत्येक वस्तीनं सैन्याला ठरलेली माणसं द्यायची. बारा वर्षांचं पोर दिलं तरी चालेल. चाकरी पंचवीस वर्षांची, आणि ती मोजायची अठरावं लागल्यापासून. यादी वस्तीच्या पंचांनी करायची. त्या यादीत पंचांची पोरं सहसा सापडत नसत. विधवेची, शिंप्याची, हमालाची सापडत. पोरं धरून आणायला भाडोत्री माणसं होती. मग आया पोराचं नावच बदलत, दुसऱ्याच्या घरात एकुलता एक म्हणून लावून टाकत, कारण एकुलत्या एकाला सूट होती. बाईंच्या कादंबरीत मेंडेल आणि लायझर असे दोन भाऊ होते आणि ते जंगलाकडे पळत होते.

पुण्याच्या एका प्रकाशकानं हस्तलिखित तीन महिने ठेवून घेतलं आणि मग सल्ला दिला. "रशियाच्या जागी आपला एखादा किल्ला घ्या. ज्यूंच्या जागी मावळे. आणि ते पळतात तेवढं काढा. आपल्या वाचकांना पळणारी मुलं आवडत नाहीत."

बाईंनी हस्तलिखित पिशवीत घातलं आणि समोरचा चहा तसाच ठेवून त्या निघाल्या.

वाचक त्यांना मिळाले ते मळवलीजवळच्या एका शाळेत. दर शनिवारी त्या सातवीच्या वर्गाला तासभर एकेक प्रकरण वाचून दाखवू लागल्या. मुख्याध्यापक निवृत्ती गुरुजींनी परवानगी खुशीत दिली, कारण तेवढा तास त्यांना मोबाइलवर सरकारी माहिती भरायला मिळे. बंगल्यांचे राखणदार, गवंडी, भातशेती करणारे यांची ती पोरं. रशिया कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण 'यादी' म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही.

"बाई, पंचाच्या पोराला का न्हाई नेत?" सत्यमनं विचारलं. त्याचा बाप मारुती एका मुंबईवाल्याचा बंगला सांभाळायचा.

"कारण यादी पंच करतो."

"मंग बराबर," सत्यम म्हणाला. सगळ्या वर्गाला ते पटलं.

मार्चमध्ये हौशीरामभाऊंचा वाढदिवस आला. हौशीरामभाऊ त्या भागाचे नेते. कशाचे नेते, हे नेमकं कुणाला सांगता येत नसे. पण फ्लेक्सवर ते कायम दूरवर बघत असत. यंदा मिरवणुकीत त्यांना 'बाल शौर्य पथक' हवं होतं. फेटा बांधलेली, ढोल अडकवलेली पोरं, प्रत्येक शाळेतून बारा. परीक्षा दहा दिवसांवर होती. आदल्या वर्षी दोन पोरं उन्हात चक्कर येऊन पडली होती आणि भाऊंनी स्टेजवरून त्यांच्या शौर्याचं कौतुक केलं होतं.

निवृत्ती गुरुजींनी यादी केली. गुरुजी वाईट माणूस नव्हते. बदलीला घाबरणारे होते. सरपंचाच्या मुलाचा आवाज बसला होता, रिसॉर्टवाल्याच्या मुलाला क्लास होता, ठेकेदाराच्या जुळ्यांना धुळीची ॲलर्जी होती. उरलेल्यांत सत्यमचं नाव पहिलं आलं.

मिरवणुकीच्या सकाळी भाऊंचा कार्यकर्ता रखमाजी पिकअप घेऊन शाळेत आला. गुरुजी बाकीच्या शिक्षकांना घेऊन स्टेजवर खुर्च्या मोजायला गेले होते, त्यामुळे पोरं ओळखणारं शाळेत कुणी नव्हतं. रखमाजीनं यादी उघडली.

"सत्यम मारुती कोण?"

"त्यो न्हाई आला," सत्यम म्हणाला.

"मंग तू कोण?"

"मी सार्थक."

रखमाजीनं यादीत बोट फिरवलं. "सार्थक हाय की हितं. चल, बस गाडीत."

"त्यो थोरला सार्थक. मी धाकला."

"आन् थोरला कुटं गेला?"

"मामाकडं," मागून खरा सार्थक म्हणाला, "मी बघितला जाताना."

बारा नावं पुकारून झाली आणि बारापैकी एकही पोरगा हजर नव्हता. समोर मात्र बारा पोरं उभी होती. रखमाजीला एवढं कळलं, की आपल्याला कुणीतरी येडं बनवतंय. पण कुणाला धरावं ते यादीत लिहिलेलं नव्हतं. त्यानं गुरुजींना फोन लावला. तिकडे डीजे सुरू होता. "हॅलो, हॅलो" करत तो फाटकाबाहेर गेला, तेवढ्यात सातवीतल्या समीक्षानं मागच्या भिंतीकडे हात केला. "पळा!"

पोरं भिंतीवरून उतरली, भाताच्या कोरड्या खाचरांतून धावली आणि मारुती सांभाळत होता त्या बंगल्यात शिरली.

मारुती पाइपानं लॉन भिजवत होता. धापा टाकणारी बारा पोरं बघून त्यानं नळ बंद केला. "काय केलंत रं?"

"मिरवणुकीतनं पळालो, आबा."

मारुती आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणाला नव्हता. मालकाचे पाहुणे पहाटे चार वाजता भजी मागत, तरी तो तळून देई. आदल्या वर्षी चक्कर येऊन पडलेल्या दोघांतला एक सत्यम होता. मारुतीनं त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं होतं आणि तेव्हाही तो कुणाला काही बोलला नव्हता. आता तो फाटकाकडे गेला आणि त्यानं कुलूप घातलं.

अर्ध्या तासानं रखमाजी आला. "मारुतीभाऊ, पोरं हायेत का आत?"

"मालकाला इचारावं लागंल."

"मंग इचार की."

"मालक दुबईत हायेत. झोपले आसतील."

"भाऊंचं नाव सांग त्यांस्नी!"

"सांगतो," मारुती म्हणाला, "उठल्यावर."

रखमाजी गेल्यावर त्यानं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.

मिरवणूक निघाली. बारा फेटे बांधून तयार होते आणि डोकी नव्हती, म्हणून ते कार्यकर्त्यांना घातले गेले. पोटावर पोरांचे ढोल मावेनात. रखमाजी पहिल्या रांगेत होता आणि फेटा त्याच्या कपाळावर वाटीसारखा बसला होता. उन्हानं तिघे बसले; कुणी त्यांच्या शौर्याचं कौतुक केलं नाही.

सोमवारी चंद्रिकाबाईंना शाळेत बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत हौशीरामभाऊ बसले होते आणि गुरुजी बाजूला उभे होते.

"बाई, तुम्ही पोरांना पळायला शिकवता म्हणे," भाऊ म्हणाले.

"मी इतिहास वाचून दाखवते."

"कसला?"

बाईंनी सांगितला. झार, यादी, पंच, धरून आणणारी माणसं, पंचवीस वर्षं. काही गाळलं नाही. सांगताना त्यांचा आवाज थोडा चढला, कारण समोर कोण बसलंय हे त्या विसरल्या नव्हत्या. गुरुजींनी मान खाली घातली. भाऊ मात्र मनापासून ऐकत होते.

"पंचवीस वर्षं?" त्यांनी विचारलं. "टिकायची पोरं? आमच्याकडं वडापाव दिला तरी दुपारपर्यंत थांबत नाहीत."

बाईंच्या लक्षात आलं, की या माणसाला टोमणा लागणार नाही. गोष्टीत आपण कोण आहोत हे त्याला कळलंच नव्हतं. वर्गातल्या पोरांना ते पहिल्या शनिवारी कळलं होतं.

गोष्टीचा तास बंद झाला. 'परकीय इतिहासामुळे विद्यार्थ्यांची शिस्त बिघडते' असं पत्र गुरुजींनी स्वतःच्या सहीनं दिलं आणि देताना "बाई, माझी दोन वर्षं राहिलीत हो," असंही म्हणाले. बाईंनी पत्राची घडी घातली. त्यांना राग आला होता आणि गुरुजींची कीवही. एकतीस वर्षं नोकरीत आपणही किती याद्यांवर मुकाट सह्या केल्या, हे त्यांना परतताना मळवली स्टेशनवर आठवत राहिलं.

उरलेली तीन प्रकरणं त्यांनी परीक्षा संपल्यावर मारुतीच्या खोलीपुढं वाचली. मारुतीही जेवणं आटोपून ऐकायला बसला. शेवटच्या प्रकरणात मेंडेल सुटतो, लायझर पकडला जातो आणि त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

"बदला बाई ते," समीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुमीच लिवलंय ना?"

"मेंडेलला मी सोडवलं. दोघांनाही सोडवलं असतं तर ते खोटं झालं असतं. बहुतेक मुलं परत आली नाहीत, बाळा."

मग मारुतीच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तसंच."

दिवाळीत एका लहानशा प्रकाशकानं पुस्तक काढलं, आहे तसं, पळण्यासकट. आठवड्यानं भाऊंच्या कार्यालयातून रखमाजीचा फोन आला. भाऊंना पन्नास प्रती शाळांमध्ये वाटायच्या होत्या. फक्त मागच्या पानावर भाऊंचा फोटो टाकावा लागेल.

"दूरवर बघतानाचा?" बाईंनी विचारलं.

"व्हय, त्योच!" रखमाजी खूश झाला.

बाई नाही म्हणाल्या आणि फोन ठेवून समीक्षाच्या प्रतीवर तिचं नाव लिहायला बसल्या.