किसनकाकांनी बादलीत घातलेला हात

किसनकाका बॉयलरवाले... मी जो काही झालो तो यांच्यामुळे. जळगाव जामोदच्या एका कापसाच्या जिनमध्ये ते बॉयलर सांभाळायचे. माझे वडील लवकर गेले. बुलढाण्याला कॉलेजात नाव घातलं तेव्हा फॉर्मवर ‘पालक’ म्हणून काकांचा अंगठा आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. भूत, भानामती, अंगात येणं – गावात असा विषय निघाला की मी उठून जायचो. पुढचं वाचून तुम्हीही उठून गेलात तर राग नाही.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात मी उमेदवार म्हणून लागलो होतो. काय ते यंत्र! एवढ्याशा इंधनात मालगाडीभर कोळशाचं बळ, आणि धुराचं नाव नाही. पहिल्या दिवशी मी नुसता बघत उभा होतो.

उष्णतेतून वीज किती होते आणि उरलेल्या उष्णतेने समुद्राचं काय होतं, याचा अहवाल माझ्याकडे आला. तो पसंत पडला तर नोकरी कायम. साधारण एक भाग वीज होते, दोन भाग उष्णता पाण्याबरोबर समुद्रात जाते. पण माझी बेरीज जुळेना. सोडलेलं पाणी समुद्राहून सातच अंश जास्त ऊन दिसे. बरीच उष्णता गायब! शेवटी मी ‘इतर घट’ असं लिहून मोकळा झालो.

दिवाळीनंतर गावी गेलो. दुपारची जेवणाची सुट्टी, जिन थांबलेलं. काकांना मोठ्या कौतुकाने अहवाल वाचून दाखवला.

“घट म्हंजे काय बे?”

“थोडी उष्णता... जाते कुठेतरी, काका.”

“कुठीतरी? माया बॉयलरची वाफ कमी पडली तं शेठले असंच सांगू का? हाकलून देईन तो मले! सात अंश म्हंजे केवढं, दाखव.”

विहिरीच्या पाण्यात बॉयलरचं ऊन पाणी मिसळून, थर्मामीटर लावून, मी सात अंश वाढवलेली बादली पुढे ठेवली. काकांनी कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले.

“हे नाही. तुयं पानी याच्याहून ऊन हाय.”

“तुम्ही समुद्र तरी पाहिलाय का?”

“कायले पाहू? थो येते का जामोदले मले पाहाले?”

मग डाव्या हाताने त्यांनी एक मग ऊन पाणी ओतलं. अजून एक. “हं. हे.”

थर्मामीटर पाहिला – बरोबर दहा अंश जास्त. माझी बेरीज जुळायला तेवढेच हवे होते.

इथपर्यंत मी जन्मभराची सवय म्हणेन. पण हात तसाच पाण्यात ठेवून काका म्हणाले, “अन् त्या बाईले काय सांगतलं तू?”

“कोणती बाई?”

“जांभळ्या लुगड्याची. टोपली घेऊन पान्यात उभी हाय न.”

पाणी जिथे समुद्रात सोडतात तिथे शिंपल्या वेचणारी एक बाई मला म्हणाली होती, पाणी ऊन झालं आणि शिंपल्या लांब सरकल्या. मी ते वहीत टिपलं होतं, आणि सात अंशांच्या भरवशावर खोडलंही होतं. वही केंद्रात होती. कोणाला एक शब्द बोललो नव्हतो!

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

काकांनी डोळे उघडले, हात झटकला. “काय सांगतलं? पानी थंडं झालं, ने ती बादली.”

त्यांना काही आठवत नव्हतं. मी पुस्तकं चाळली, शिकलेल्यांना विचारलं. उत्तर आजही नाही. केंद्रात परतल्यावर काकांना पाठवलेल्या पत्राची नक्कल तेवढी माझ्याकडे आहे –

“ती. किसनकाकांस सा. नमस्कार.

तुमचंच खरं. थर्मामीटर कोपऱ्यात टांगलेला होता, तिथे भरतीचं थंड पाणी फिरून येतं. होडीतून मधोमध मोजलं – दहा अंश. ‘इतर घट’ खोडली. साहेबांनी अहवाल ठेवून घेतलाय. नोकरीचं अजून कळलं नाही.

बाईला भेटलो. तिचं म्हणणं तिच्यासमोर पुन्हा लिहिलं. तुमच्याविषयी काही बोललो नव्हतो. निघताना तीच म्हणाली, ‘मध्ये एक म्हातारे आले होते. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, डोळे मिटून बसले. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. तुमच्याच खात्यातले का?’

मी म्हणालो, नाही. ते माझे पालक.”