राजाजवळ कोण होतं

पुस्तकात इजिप्तच्या एका राजाच्या मोडलेल्या पायाचं चित्र आहे. तो साधारण माझ्याच वयाचा असताना गेला. कुणी म्हणतं पाय चिघळला, कुणी म्हणतं हिवताप. तीन हजार वर्षं झाली, तरी नक्की ठरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मला यावर वर्गात बोलायचं आहे. सध्या मात्र तीन दिवस तापाने वसतिगृहातल्या खोलीत पडून आहे. घरी कळवलेलं नाही. आई हातातलं काम टाकून निघाली असती.

तिचा फोन आला तेव्हा मी राजाबद्दलच बोलत राहिले. ती हसली. "तीन हजार वर्षांनीही त्याची चौकशी चालू? आपली शेळी चोरीला गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशीही कुणी चौकशीला आलं नव्हतं." मग म्हणाली, "त्याच्याजवळ कोण होतं गं?"

मी पानं उलटली. हाडांची मापं होती, दातांबद्दलही लिहिलं होतं. त्याला पाणी कुणी पाजलं, कपाळाला हात कुणी लावला, हे कुठेच नव्हतं. बहुधा हाडांवर अशा गोष्टींची खूण उरत नसावी.

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि मग, "आई, मला ताप आहे."

"आवाजावरूनच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्याजवळ कोण आहे?"