न निसवलेले धान

नवेगाव बांधजवळच्या एका कॉलेजात केवलराम सव्वीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होता. इतक्या वर्षांत त्याने सूक्ष्मदर्शक किती वेळा पुसला असेल, देव जाणे. त्यातून पाहिले मात्र एकदाही नाही. आधी पोरांची रांग, मग सरांची घाई, आणि शेवटी काचा धुवायला केवलराम. येत्या तीस तारखेला तो निवृत्त होणार होता. पेशी दुभंगताना कशी दिसते, एवढे एकदा स्वतःच्या डोळ्याने पाहायची हाव त्याच्या मनात घर करून बसली होती.

म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञ रुचि मॅडम सेमिनारला येणार, धानाची पेशी दुभंगताना दाखवणार, हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. विभागप्रमुख इंद्रकुमार सर पक्के धानपट्ट्यातले. पाहुण्यांना चांगल्यातले चांगले द्यावे, म्हणून चार शेते हिंडून त्यांनी पूर्ण निसवलेल्या, म्हणजे पानाबाहेर पडून फुललेल्या, देखण्या लोंब्या आणल्या. झाले. पडद्यावर पेशी दिसल्या, पण सगळ्या दुभंगून मोकळ्या झालेल्या. तीन काचा झाल्या आणि सभागृह जांभया देऊ लागले.

“लोंब बाहेर पडली की हे काम संपलेलं असतं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “अजून पानाच्या पोटात असलेली हवी.”

केवलरामने तडक सायकल काढली. त्याच्या शेतातल्या उशिरा रोवलेल्या बांधीतले धान अजून निसवायचे होते. त्याने फुगलेल्या चार काड्या तोडल्या, तोच बांधावरून त्याची बायको देवकाबाई कडाडली.

“काऊन तोडून राहिले जी? पोटात लोंब असल्या धानाले कोनी हात लावते का?”

“हैदराबादच्या बाईले पायजे.”

“कोन बाई? चला, मीबी येतो.”

आणि चिखलाच्या पायांनी, कॅरिअरवर बसून, देवकाबाई सेमिनारला हजर.

मॅडमनी पान चिरून कोवळी लोंब काढली, तिच्या फुलांतले इवले परागकोश काचेवर लाल रंगात चिरडले. पडद्यावर गुणसूत्रांच्या बारा जोड्या मधोमध उभ्या राहिल्या. शेजारच्या पेशीत त्याच जोड्या फुटून दोन टोकांना निघाल्या होत्या. सभागृहात एकच गलका उडाला. देवकाबाईने तर मोठ्याने मोजल्या आणि बारा भरल्यावर लेकराचा निकाल लागल्यागत सगळ्यांकडे पाहिले.

“आता डोळा लावून बघा. पहिले केवलरामजी,” मॅडम म्हणाल्या.

हात पँटला पुसत केवलराम वाकला. वाकला तो वाकलाच. मागे प्राचार्य, इंद्रकुमार सर, अर्धे कॉलेज रांगेत.

“केवलराम, झालं का? लोक थांबलेत,” सर म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडून ‘हो सर’शिवाय काही ऐकले नव्हते.

“थांबा सर,” डोळा न काढता केवलराम म्हणाला, “मी पाहून राहिलो.”