कोरी टाकी गप्प का होती

चाचणीखोलीत तिला सगळे 'कानवाली' म्हणत. कार्बनचे धागे रेझिनमध्ये भिजवून गुंडाळलेल्या गॅसच्या टाकीवर ती सहा सेन्सर चिकटवायची, आत पाण्याचा दाब चढवायची आणि स्क्रीनवरचे ठिपके मोजायची. आत धागा तुटला किंवा रेझिन तडकलं, की त्या बारीक आवाजाचा एक ठिपका. नुसत्या कानांना यातलं काही ऐकू येत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका टाकीचे ठिपके तिने साहेबांना दाखवले होते. "पंपाची खडखड आहे ती," म्हणत त्यांनी कागद बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी टाकी फुटली. शेजारी तिचा दादा काम करत होता. त्याचे दोन्ही कान गेले. अहवालात साहेबांनी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तेव्हापासून तिचा त्यांच्यावर दात होता. वागणं मात्र गोड.

आज गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई आल्या होत्या. नवी टाकी, पहिलीच चाचणी. दाब शंभर, दोनशे, अडीचशे बार. एकही ठिपका नाही.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले, "नवी सूनसुद्धा एवढी गप्प नसते."

कानवालीने हसू गिळलं आणि दाब तिथेच थांबवला. "साहेब, एवढी सही राहिली." 'या टाकीवर आधी कधीही दाब दिलेला नाही' असा तो कागद होता. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

मग ती बाईंकडे वळली आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. "कोरी टाकी पहिल्या दाबाला कुरकुरतेच, बाई. कच्चे धागे आधी तुटतात. एकदा दाब सोसला, की मग तेवढ्या दाबापर्यंत गप्प. आता बघा."

दोनशे नव्वद. तीनशे. स्क्रीन कोरीच. तीनशे पाचला ठिपक्यांचा सडा पडला.

"म्हणजे आज माझ्यासमोर गप्प राहावी म्हणून आधी कुणीतरी हिला तीनशेपर्यंत नेऊन आणलंय," बाई हळूच म्हणाल्या.

"पंपाची खडखड असेल," साहेब म्हणाले.

याच वाक्याची ती तीन वर्षं वाट बघत होती. तिने व्हॉल्व्ह आवळून दाब आतच कोंडला, पंप बंद केला. खोली शांत झाली. ठिपके पडतच राहिले.

मग खणातून तिने जपून ठेवलेला, तीन वर्षांपूर्वी साहेबांनी बाजूला सारलेला ठिपक्यांचा कागद काढला आणि बाईंच्या हातातल्या सहीच्या कागदावर ठेवला. साहेब खुर्ची शोधू लागले.

संध्याकाळी तिने सगळं वहीत लिहून दादापुढे धरलं. त्याने दोनदा वाचलं.

"मला न्यायचं होतंस," तो मोठ्याने म्हणाला. आपला आवाज त्याला कळत नसे. "त्याचं तोंड बघायला कान कशाला लागतात?"