लेक आखातात, पैसे तेलात

शेअरबाजारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगते. आमचा मुलगा अंबडच्या कारखान्यात फिटर होता. तिथून तो आखातातल्या एका गॅस प्लांटवर गेला आणि पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्यानेच माझ्या मोबाईलमध्ये खातं उघडून दिलं. "आई, एफडीत पैसे कुजवू नकोस. तेलातले शेअर घे." त्यातही जमिनीतून तेल काढणाऱ्या कंपनीचे, पंपावर विकणाऱ्या कंपनीचे नाहीत. तेल महागलं की काढणाऱ्याची चांदी आणि विकणाऱ्याची पंचाईत, एवढं त्याने मला मेथी निवडता निवडता शिकवलं. शिवणकामातून साठवलेले पैसे मी त्यात घातले.

मग काय, मीच शहाणी झाले. सकाळी पूजा झाली की मोबाईललाही हळदीकुंकवाचं बोट लावायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, स्क्रीन खराब होईल." मी म्हणायचे, "होऊ द्या. भाव तर वर जाईल."

त्या दिवशी बाजार उघडला आणि भाव एकदम उसळला. खालच्या मजल्यावरची शेजारीण, जिला मीच हे शेअर घ्यायला लावले होते, जिन्यातूनच बोलत आली. "वहिनी, पेढे काढा. आखातात हल्ले सुरू झालेत, तेल भडकलंय." बोलली आणि तिचाच चेहरा पडला. माझा मुलगा कुठे असतो ते तिला तेव्हा आठवलं.

मी टीव्ही लावला. धूर दिसत होता. कुठल्यातरी गॅस प्लांटवरचा, पण नाव नीट सांगतील तर ते मेले कसले. मुलाला फोन लावला, लागेना. ह्यांनी त्यांच्या फोनवरून लावला, तरी लागेना. तोंडाला अशी कोरड पडली की देवाचं नाव घ्यायचं तर तेही नीट येईना.

आणि पुन्हा फोन लावायला मोबाईल उघडावा तर त्यावर भाव आणखी वाढलेला, आकडा हिरवागार. दर वेळी वाटायचं, तिथे अजून काहीतरी पेटलं. हे म्हणाले, "विकून टाक, डोक्याला ताप नको." मी वसकन अंगावर गेले. "विकू? तिथे त्याच्या डोक्यावर जे पडतंय, त्याचे पैसे करू?" मी देव्हाऱ्यापुढे जाऊन सप्तशृंगीला हात जोडले. आई, भाव वर जाऊ दे म्हटलं होतं ते ऐकू नकोस. माझे पैसे मातीत जाऊ देत, पण हा भाव खाली आण, गडावर येऊन तुझी ओटी भरीन.

दुपारी बाजार बंद व्हायच्या सुमाराला भाव घसरायला लागला. शेजारीण पुन्हा वर आली होती. मी तिचा हात धरून रडायला लागले. ती माझ्याजवळ बसून राहिली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. हल्ला शेजारच्या प्लांटवर झाला होता. त्याच्या प्लांटवरच्या सगळ्यांचे फोन जमा करून त्यांना तळघरात बसवलं होतं. आवाज घोगरा झाला होता. म्हणाला, "आई, मी बरा आहे. भाव वर असताना विकलेस ना?" हसावं की एक कानफटात द्यावी, मला कळेना. "विकले," मी खोटंच सांगितलं.

शेअर आजही आहेत. तोही अजून तिथेच आहे, करार संपायचा आहे. त्याचा फोन रोज येतोच असं नाही. बाजार मात्र रोज उघडतो. शनिवार-रविवार तो बंद असतो, ते दोन दिवस मला काढवत नाहीत. एरवी सव्वानऊला मी मोबाईल घेऊन ओट्याशी उभी राहते. आकडा हिरवा असला की मी टीव्हीकडे धावते. लाल दिसला की चहा टाकते.